बिनशर्त, निरपेक्ष की फुकट? 'स्वार्था'समोर कोणता शब्द ठेवायचा

प्रश्न (निपाणी)
उपासनेच्या द्विभाषी पत्रकासाठी मथळा हवा आहे. कन्नड बाजूला 'निस्वार्थ प्रीति' दिले आहे. मराठीत 'बिनशर्त प्रेम' सुचवले गेले, पण काहींना ते सरकारला दिलेल्या पाठिंब्यासारखे वाटते. विषय असा : काही मिळावे म्हणून देवाकडे जाणारा आणि नुसतीच प्रीती करणारा. बायबलमधली वाचने ईयोब 1 आणि योहान 6. नेमका शब्द कोणता?

उत्तर (खानापूर)
'बिनशर्त' काढाच, पण पाठिंब्याची आठवण होते म्हणून नव्हे. शर्त समोरच्यावर घातली जाते, स्वार्थ आपल्या पोटात असतो. बाप एकही अट न घालता मुलाच्या नावावर सगळे करतो आणि मनात म्हातारपणाची सोय बघतो. इथे शर्त शून्य आणि स्वार्थ पुरेपूर. उलट 'दारू सोडलीस तरच घरात घेईन' म्हणणाऱ्या आईची अट कडक असते, स्वार्थ कुठेच नसतो.

तुमची दोन्ही वाचने हेतूबद्दल आहेत, अटीबद्दल नाहीत. योहान 6 मध्ये 5 भाकरी आणि 2 मासळ्यांवर जेवलेले लोक दुसऱ्या दिवशी येशूला शोधत येतात. तो 26 व्या वचनात त्यांना तोंडावर सांगतो की चिन्हे पाहिलीत म्हणून नाही, पोट भरले म्हणून आलात. त्यांनी अट कुठे घातली होती? मराठीतला 'आपलपोटा' हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो.

'निरपेक्ष' चालेल, पण त्याला 'धर्मनिरपेक्ष'ची सावली आहे. 'निष्काम' म्हटले की कान गीतेकडे जातो. 'निर्हेतुक' नको, त्यात सहज घडून गेल्याचा भास होतो.

उत्तर (बेळगाव)
ईयोब 1:9 मूळ हिब्रूत पाहिले तर शब्द हातात येतो. सैतान विचारतो, ईयोब देवाला भितो ते काय 'हिन्नाम'? म्हणजे काही न घेता, फुकट. पुढे 2:3 मध्ये देव सैतानाला म्हणतो की तू मला याचा नाश करायला चिथावलेस, तेही 'हिन्नाम', म्हणजे विनाकारण. तोच शब्द उलटून सैतानावर आला. भाषांतरात दोन ठिकाणी दोन शब्द घातले की हा टोला हरवतो.

नव्या करारात ग्रीक 'दोरेआन'चे असेच आहे. मुळात तो 'देणगी' या अर्थाच्या नामाची द्वितीया, क्रियाविशेषणासारखी वापरलेली. मत्तय 10:8 मध्ये अर्थ विनामोबदला, योहान 15:25 मध्ये विनाकारण (द्वेष केला), गलतीकरांस 2:21 मध्ये व्यर्थ (ख्रिस्त मेला असे होईल). आता मराठी 'फुकट' बघा : 'पुस्तक फुकट मिळाले', 'फुकट शिव्या खाल्ल्या', 'सगळी मेहनत फुकट गेली'. तिन्ही अर्थ एका शब्दात! आपण तो बाजारू म्हणून देवळाबाहेर ठेवतो, एवढेच.

प्रश्न (निपाणी)
मग मथळा 'फुकट प्रीती' द्यायचा?

उत्तर (बेळगाव)
नको. 'फुकट' नामाआधी विशेषण म्हणून आला की वस्तू सवंग होते. 'फुकटची' तर त्याहून वाईट, त्यात शिवी आहे. क्रियापदाशी जोडला की बिघडत नाही : 'फुकट घेतलेत, फुकट द्या'. मथळ्यात प्रश्न करा : 'देवाची भक्ती फुकट करतो कोण?'

उत्तर (चिकोडी)
प्रीती की प्रेम, हेही ठरवा. मराठीत 'प्रीती' आता कवितेत, लग्नपत्रिकेत आणि बायबलमध्ये उरली आहे. कन्नडमध्ये तो रोजचा शब्द. त्यामुळे एकाच पत्रकात कन्नड वाचणाऱ्याला घरगुती वाटते ते मराठी वाचणाऱ्याला सणासुदीचे वाटते. खानापूरकडच्या कोंकणी घरांत 'मोग' म्हणतात, आणि तो देवाचा असो वा प्रियकराचा, शब्द एकच.

चूक होते ती विभक्तीत. कन्नडमध्ये ज्याच्यावर प्रीती करायची त्याला द्वितीया लागते. त्या सवयीने 'देव जगाला प्रीती करतो' असे छापले जाते. मराठीत 'जगावर प्रीती' हवे. मुद्रित तपासताना आधी हेच पाहा.

उत्तर (खानापूर)
'अगापे (नव्या करारातला प्रेमासाठीचा ग्रीक शब्द) म्हणजे निःस्वार्थ प्रेम' हे वाक्य पत्रकात घालू नका. शब्द मुळात एवढा सोवळा नाही. परूशी (कर्मठ यहूदी पंथाच्या) लोकांना सभास्थानात पुढचे आसन आवडते, तिथेही याच शब्दाचे क्रियापद (लूक 11:43). पौलाचा सहकारी देमास जगाच्या मोहाने त्याला सोडून गेला, तिथेही हेच (2 तीमथ्य 4:10). निःस्वार्थपणा 1 करिंथ 13:5 मधल्या 'स्वार्थ पाहत नाही' या विधानातून येतो, शब्दाच्या मुळातून नाही.

फिलिप्पै 2:3 मधला स्वार्थ मात्र वेगळा. तिथला 'एरिथेइया' हा शब्द मजुरीवर काम करणाऱ्याच्या नावावरून आला. अॅरिस्टॉटलकडे तो पदासाठी केलेल्या कारस्थानाचा अर्थ देतो. तिथे 'स्वार्थ' ढिला पडतो, 'तट' (गटबाजी या अर्थी) अधिक नेमका.

उत्तर (बेळगाव)
आणि मागणे म्हणजेच स्वार्थ, असेही ध्वनित होऊ देऊ नका. 'आमची रोजची भाकर' मागायला येशूनेच शिकवले. याकोब 4:3 मध्ये दोष मागण्याला नाही, चैनीत उधळण्यासाठी मागण्याला आहे. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरणाऱ्याला पत्रकातून टोमणा बसायला नको.

एक गंमत. आपल्या व्याकरणात 'जर-तर'चे वाक्य संकेतार्थी, आणि साधे विधान 'स्वार्थी'. म्हणजे 'देव प्रीती आहे' हे योहानाचे वाक्य व्याकरणाच्या वर्गात स्वार्थीच ठरते.

प्रश्न (निपाणी)
मथळा प्रश्नार्थकच घेतो. कन्नड बाजूला 'फुकट'साठी 'पुक्कटे' की 'उचित'?

उत्तर (चिकोडी)
'पुक्कटे'लाही आपल्या 'फुकट'चाच वास आहे, 'उचित' सभ्य. पण तो कन्नड बाजूलाच राहू दे. तिकडून उतरवून मराठीत आला तर 'उचित भक्ती' होईल, आणि आपला वाचक तिचा अर्थ 'योग्य भक्ती' असा लावेल.