हुंडा, मेहेर की चोळीबांगडी?

इंग्लंडच्या एलिनॉरवर (जॉन राजाची धाकटी लेक, जन्म १२१५) टिपण लिहितेय आणि इंग्रजीतल्या 'डावर' (dower) या शब्दापाशी घोडं अडलंय. हाताशी असलेल्या कोशात 'हुंडा' दिलाय. मग वाक्य होतं, 'नवरा वारल्यावर एलिनॉर वर्षानुवर्षं हुंड्यासाठी भांडली.' वाचणाऱ्याला वाटेल, बाई माहेरचं दिलेलं परत मागतेय. तसं तर नाहीये. काय लिहू?

*

'हुंडा' नकोच. हुंडा म्हणजे 'डावरी' (dowry), तो मुलीकडून जातो. 'डावर' नवऱ्याच्या मिळकतीतून येतो, तोही नवरा गेल्यावर. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातले, म्हणून हा घोळ. १२१७ च्या मॅग्ना कार्टात (इंग्लंडच्या राजाने दिलेली हक्कांची सनद) प्रमाणच ठरवलंय: नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा, लग्नात चर्चच्या दाराशी त्याहून कमी ठरला नसेल तर. विधवेने तो हयातभर खायचा, विकायचा नाही. ती गेली की नवऱ्याच्या वारसांकडे.

एलिनॉरचं लग्न नवव्या वर्षी, १२२४ मध्ये, धाकट्या विल्यम मार्शलशी झालं. १२३१ मध्ये तो वारला. आयर्लंड आणि दक्षिण वेल्समधल्या जमिनींच्या बदल्यात दिराने वर्षाला ४०० पौंड देऊ केले. हे फारच कमी, असं तिचं म्हणणं. पुढे विल्यमचे चारही भाऊ औरस वारसाविना गेले, इस्टेट पाच बहिणींच्या घरांत वाटली गेली. आता वसुली कुणाकुणाकडून करायची? शेवटी सख्खा भाऊ, राजा तिसरा हेन्री, यालाच तिने धारेवर धरलं. इंग्लंड-फ्रान्समधल्या १२५९ च्या पॅरिस तहासाठी तिने फ्रान्समधल्या जमिनींवरचा हक्क सोडायला हवा होता. आधी माझं देणं, म्हणून ती अडून बसली. तह लांबला!

*

मग मुस्लिम लग्नात नवरा बायकोला देतो तो 'मेहेर' का नको? आपल्याकडच्या कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत मेहेरला 'डावर'च म्हणतात.

*

म्हणतात, आणि तिथेच फसायला होतं. मेहेर ठरलेली रक्कम, बायकोच्या मालकीची. इथे मालकी नाही, नुसता उपभोग. मला 'चोळीबांगडी' जवळचा वाटतो. घराण्यातल्या बायकांच्या खर्चाला लावून दिलेल्या उत्पन्नाला तो शब्द आहेच. खोट एवढीच, की चोळीबांगडी देणाऱ्याच्या मर्जीवर. एलिनॉर हक्काने मागत होती.

*

अवांतर: टिपणात एलिनॉरच्या दुसऱ्या लग्नाला 'पाट' लिहिलंय तेवढं काढा. ७ जानेवारी १२३८ ला वेस्टमिन्स्टरमध्ये, राजाच्या खासगी चॅपेलमध्ये, सरदार सिमोन द माँटफोर्टशी गुपचूप लागलं खरं, पण धर्माच्या दृष्टीने ते पहिल्याइतकंच पूर्ण लग्न. बोभाटा झाला तो दोन कारणांनी: सरदारांना विचारलं नव्हतं आणि विधवा झाल्यावर तिने आर्चबिशपसमोर ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. म्हणून सिमोनला पोपची मान्यता मिळवायला रोमपर्यंत जावं लागलं. तिला 'नन' मात्र म्हणू नका. ती मठात राहायला गेली १२६५ मध्ये सिमोन इव्हशॅमच्या लढाईत मारला गेल्यानंतर, फ्रान्समध्ये माँतार्जीला.

*

धन्यवाद! पहिल्यांदा 'विधवेचा हयातीचा हिस्सा' असं फोडून लिहिते, पुढे सरळ 'डावर'. 'डावेजर क्वीन' (राजाची विधवा राणी) हा शब्द यातूनच आलाय ना? वर्तमानपत्रांत तिला सर्रास 'राजमाता' करतात, मूलबाळ नसलं तरी.