मदत हवी आहे: व्हरमॉन्टमध्ये मेपल सिरप, स्वतः उकळावं की रस विकावा?

नमस्कार मंडळी,

व्हरमॉन्टच्या उत्तर भागात आमचं तीसेक एकर जंगल आहे. बहुतेक शुगर मेपल, मधूनमधून रेड मेपल आणि बर्च. आजवर हौसेने मेपलच्या खोडांना बादल्या लावून, तो रस आटवून घरापुरतं सिरप करत होतो. आता नवरा आणि मी ते जोडधंदा म्हणून उभं करायच्या विचारात आहोत. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री गोठणाऱ्या आणि दिवस वितळणारे सुरू झाले की रस वाहायला लागतो. त्याआधी पैसे कुठे घालायचे हे ठरवायला हवं.

काउंटी फॉरेस्टर येऊन जंगल फिरून गेले. १२ इंचांहून बारीक झाडाला हात लावायचा नाही आणि जाड झाडालाही शक्यतो एकच भोक, असं धरून साधारण ४०० टॅप (रसासाठी खोडात पाडलेली भोकं) बसतील म्हणाले. उतार चांगला आहे, त्यामुळे नळ्या टाकून रस खाली टाकीत आणता येईल.

माझं माहेर कागलचं, घरचं गुऱ्हाळ होतं. पाक कधी उतरवायचा, मळी कशी काढायची हे डोळ्यांखालून गेलेलं आहे. पण उसाच्या रसात साखर १८-२० टक्के, मेपलच्या रसात जेमतेम २. किती रस लागेल हे काढायला इथले लोक ८६ ला रसाच्या ब्रिक्सने (साखरेच्या टक्क्याने) भागतात. २ ब्रिक्स असेल तर ४३ गॅलन रसातून १ गॅलन सिरप. टॅपमागे पाव गॅलन सिरप धरलं तरी १०० गॅलन सिरपसाठी ४,३०० गॅलन रस लाकडावर आटवायचा. दोघांच्या नोकऱ्या सांभाळून हे कसं जमणार, ही खरी काळजी.

शेजारच्या मोठ्या शुगरहाऊसवाल्यांनी (म्हणजे मेपलच्या गुऱ्हाळवाल्यांनी) रस विकत घ्यायची तयारी दाखवली आहे, साखरेच्या टक्क्याप्रमाणे भाव. म्हणजे आम्ही फक्त नळ्या आणि टाकी बघायची. पण मग सिरप आमचं राहणार नाही, आणि मला ते राहायला हवं आहे.

आरओ (पडद्यातून रसातलं पाणी वेगळं काढणारं यंत्र) घ्यावा का? नळ्यांतून रस ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने रस दुप्पट मिळतो म्हणतात, पण झाडांना त्रास होतो का? यातली काही झाडं शंभरी ओलांडलेली आहेत, त्यांना इजा करून मला पैसे नकोत. आणि विकायचं कुठे? बॉस्टनकडच्या मराठी मंडळात दिवाळीच्या भेटीसाठी बाटल्या देता येतील, असं मनात आहे.

प्रतिसाद १

ताई, आम्ही न्यू हॅम्पशायरला हेच करतो, टॅप तुमच्याहून थोडे जास्त.

आरओ आधी घ्या, मोठी भट्टी नंतर. २ टक्क्यांचा रस ८ टक्क्यांवर नेला की तीन चतुर्थांश पाणी उकळण्याआधीच गेलं. मग गॅलनमागे ४३ नाही, जवळपास ११ गॅलनच आटवायचे. नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी उरकता येतं. लहान, वापरलेली यंत्रं मिळतात, फक्त पडदा नीट धुतलेला आणि थंडीत न गोठलेला आहे ना ते बघा. रस मात्र टाकीत साठवून ठेवू नका. जंतू वाढले की सिरप काळं पडतं.

व्हॅक्यूमची भीती बाळगू नका. इजा भोकाने होते. त्याच्या वर-खाली लाकडाचा एक पट्टा कायमचा मरतो आणि तिथून पुन्हा रस येत नाही. म्हणून दरवर्षी जागा बदला, ५/१६ इंचाचाच स्पाउट (भोकात बसवायची तोटी) वापरा आणि कळ्या फुगायला लागल्या की थांबा. त्या रसाच्या सिरपला विचित्र वास येतो. अंडरहिलला व्हरमॉन्ट विद्यापीठाचं प्रॉक्टर संशोधन केंद्र आहे. टॅपिंग आणि व्हॅक्यूमवर त्यांनी केलेलं काम जरूर वाचा.

विक्रीचं गणित असं. ड्रममधलं ठोक सिरप पौंडावर जातं, गॅलनला ११ पौंड. अलीकडे भाव पौंडाला २ ते अडीच डॉलर, म्हणजे गॅलनचे साधारण २५. तेच गॅलन बाटलीबंद करून दारात विकलं तर ५०-६०, छोट्या बाटल्यांत त्याहून जास्त. १०० गॅलनवाल्याने ड्रमच्या नादी लागूच नये. मार्चमधल्या ओपन हाऊसला शुगरहाऊस उघडं ठेवा, लोक वाफ बघायला येतात आणि बाटली घेऊन जातात.

दिवाळीची कल्पना छान आहे. पण सिरप एप्रिलचं आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणून काचेतच भरा. प्लॅस्टिकमध्ये रंग गडद होत जातो. ८२ अंश सेल्सियसच्या वर गरम असताना भरून बाटली आडवी करा, झाकणही निर्जंतुक होतं. आणि व्हरमॉन्टचं नाव लावायचं तर ६६.९ ब्रिक्स हवाच, इतर बऱ्याच ठिकाणी ६६ चालतो.

प्रतिसाद २

मी क्यूबेकमध्ये असतो. जगातलं सुमारे ७० टक्के सिरप इथलं, आणि उत्पादक संघटनेच्या कोट्याशिवाय ठोक विकता येत नाही. संघटना जास्तीचं सिरप राखीव साठ्यात ठेवते आणि कमी पिकलं की बाहेर काढते. त्यामुळे तुमच्याकडचा ड्रमचा भावही इथल्या हंगामावर हलतो. बाटलीचा भाव तुम्ही ठरवता, म्हणून वरच्यांशी सहमत. ताई, २५ एकरांहून जास्त जंगल असेल तर करंट यूजमध्ये (जंगल-शेतजमिनीसाठीच्या व्हरमॉन्टच्या करसवलत योजनेत) नोंदवून मालमत्ता कर कमी होतो का, हे त्या फॉरेस्टरनाच विचारा.

मूळ लेखिका

दोघांचे खूप आभार. झाडांबद्दलचं ऐकून फार हलकं वाटलं. नवऱ्याशी बोलले. या वर्षी निम्मे टॅप आमचे, निम्म्यांचा रस शेजाऱ्यांना, आणि जुना आरओ शोधायला लागतोय. एकच शंका उरली: आमच्या टाकीपाशी वीज नाही. पहिल्या वर्षी पंपाशिवाय, उतारावरच्या ३/१६ इंचाच्या नळ्यांवर भागेल का? कोणी वापरल्या असतील तर त्या कितपत तुंबतात, सांगाल का?