कर्टेल म्हणजे रद्द नव्हे

'कर्टेल' (curtail) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कुणी 'रद्द करणे' असा दिला, तर तो चुकीचा आहे. चालू किंवा ठरलेल्या गोष्टीला कात्री लावणे, ती वेळेआधी आटोपणे, हा खरा अर्थ. खडकवासल्यातला साठा घटल्यावर पुण्यात दिवसाआड पाणी येतं, तेव्हा पुरवठा 'कर्टेल' होतो. नळजोडच तोडला तर 'डिस्कनेक्ट'. खर्च, अधिकार, दौरा, भाषण यांना हे क्रियापद चालतं, केस किंवा दोरी कापायला नाही. 'कर्टेल डाउन' कृपया लिहू नका. तो 'डाउन' 'कट डाउन'मधून घुसतो. उच्चारताना जोर 'टेल'वर. व्युत्पत्ती मात्र फसवी आहे. शेपूट छाटलेल्या घोड्याला 'कर्टल' म्हणत. तो शब्द फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन 'कर्टस', म्हणजे आखूड. शेपटीच्या 'टेल'चं स्पेलिंग त्याला मागाहून चिकटलं.