पाच मोटरी, एक इनकमर: 63 की 100?

गाळेकर: साकीनाक्याला आमच्या गाळ्यात पाच मोटरींचं पॅनल आहे. एक 15 एचपी, दोन साडेसात, दोन तीन एचपी, सगळ्या डीओएल, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू होणाऱ्या. पाट्यांवरचे अँपिअर 21, 11-11, 5-5, बेरीज 53. इनकमर, म्हणजे पॅनलचा मुख्य ब्रेकर, 63 अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी. लाइट जाऊन आली की तो पडतो. वायरमन म्हणतो, लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून 100 चा एमसीसीबी, म्हणजे मोठ्या क्षमतेचा ब्रेकर, आणा, विषय संपवा. मला हे साफ चूक वाटतं. इनकमर केबल वाचवायला असतो, आणि केबल आहे 16 स्क्वेअर एमएम तांब्याची.

पॅनलवाला: वायरमनला नावं ठेवू नका. प्रत्येक मोटरला स्वतःचा ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की ती मोटर बंद करणारा, आहे ना? मग पाचही मिळून 53 च्या फार वर जातील कशा? त्याआधी ज्याचा त्याचा रिले पडेल. इनकमरनं शॉर्ट सर्किट बघायचं, बस. अमेरिकन कोडचा विचारही हाच: सगळ्यात मोठ्या मोटरचा ब्रेकर, अधिक बाकीच्यांचा फुल लोड करंट. 15 एचपीवर 40 चा असेल तर 40 + 32 = 72.

गाळेकर: तो 72 म्हणजे कमाल मर्यादा आहे हो! त्यात 100 कुठून बसवताय?

दुपारपाळी: दोघंही रेटिंगवर भांडताय, दुखणं स्टार्टिंगचं आहे. डीओएलला सुरू होतानाचा करंट साधारण सहापट धरा: 53 × 6 = 318. सी कर्व्ह पाच ते दहापटीत झटक्यात पडतो, म्हणजे 63 चा 315 पासून पुढे कधीही. काठावरच उभे आहात. पण मुळात पाचही एकदम का उचलतात? सिलेक्टर स्विच ऑनवरच राहत असणार. पुश बटण असतं तर लाइट जाताच कॉन्टॅक्टरचं, म्हणजे मोटर जोडणाऱ्या चुंबकी स्विचचं, होल्डिंग सुटलं असतं आणि लाइट आल्यावर मोटर आपोआप उचलली नसती. टायमर लावा, एकेक मोटर तीन-तीन सेकंदांनी घ्या. मोठीला आधी.

पॅनलवाला: टायमर मान्य. पण गाळेकर, केबलचा एवढा पुळका असेल तर तिचाही हिशोब करा. कंड्युटमधली 16 ची पीव्हीसी तार तक्त्यात 68 अँपिअरची, तेही 30 अंशांना. मे महिन्यात पत्र्याखाली 45 धरा, गुणा 0.79 नं. 54 उरतात. तुमचा 63 सुद्धा नापास.

गाळेकर: अर्रर्र. हे खरंच बघितलं नव्हतं. 25 ची ओढतो, 89 गुणिले 0.79 म्हणजे 70. इनकमर 63 च राहील. पण रिलेवाला मुद्दा तरीही पटत नाही. आमच्याकडे कोणीतरी बसबारवरूनच, म्हणजे पॅनलमधल्या मुख्य पट्ट्यांवरूनच, वेल्डिंग मशीनचा टॅप घेतलाय. त्याला कुठला रिले?

पॅनलवाला: हे आत्ता सांगताय? आधी तो टॅप काढा. 100 चं मी मागे घेतो.