मदत हवी आहे : इंग्लंडमधल्या शाळेत शनिवारचा मराठी वर्ग, गव्हर्नर म्हणून काय बघायचं?

शाळा प्राथमिक, लोकल अथॉरिटीची (स्थानिक प्रशासनाची), अकॅडमी (त्यापासून स्वतंत्र, सरकारी पैशावर चालणारी शाळा) नाही. मी पॅरेंट गव्हर्नर आहे, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या गव्हर्निंग बॉडीत पालकांच्या वतीने. एका मराठी मंडळाने दर शनिवारी १० ते १ हॉल आणि दोन वर्गखोल्या मागितल्या आहेत. मंडळाच्या कार्यकारिणीत मीही आहे. गव्हर्निंग बॉडीला असा अधिकार आहे का? ठरावात काय हवं?

प्रतिसाद १
अधिकार आहे. एज्युकेशन अ‍ॅक्ट २००२ (शिक्षण कायदा), कलम २७ : विद्यार्थी, त्यांची घरची माणसं आणि परिसरातले लोक यांच्यासाठी धर्मादाय हेतूने सेवा देता येते, शुल्कही घेता येतं. कलम २८ची अट अशी की शाळेच्या शैक्षणिक दर्जाला त्याची झळ बसता कामा नये. जागेच्या वापराबद्दल लोकल अथॉरिटीचे काही निर्देश आहेत का, तेही विचारा.

पण आधी तुमचा हितसंबंध जाहीर करा. हा विषय निघाला की खोलीबाहेर जायचं, मत द्यायचं नाही. नुसतं गप्प बसून भागत नाही. कधी बाहेर गेलात, कधी परत आलात हे मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) लिहून घ्या; नाहीतर एका तक्रारीपायी चांगला वर्ग अडकतो.

प्रतिसाद २
धोरण, दर आणि अटी गव्हर्नरांनी ठरवायच्या. किल्ल्या आणि बुकिंग ऑफिसकडेच राहू द्या. भाडं काढताना तीन तास धरू नका. दार उघडणं, खुर्च्या लावणं, झाडलोट धरून केअरटेकरचे चार-साडेचार तास जातात, तेही ओव्हरटाइमने. वर हीटिंग. तूट आली तर ती मुलांच्या बजेटमधून जाईल.

एक नेहमीची चूक : हॉलचा अलार्म बंद करतात, पण शौचालयाकडचा कॉरिडॉर दुसऱ्या झोनमध्ये असतो. पहिलं मूल तिकडे गेलं की भोंगा. आदल्या आठवड्यात चालून बघा.

धागाकर्ता
मंडळाच्या शिक्षकांची जबाबदारी कोणाची? आणि विमा शाळेचाच चालेल ना?

प्रतिसाद १
शिक्षकांची निवड आणि डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) मंडळाने बघायचं. पण मंडळाचं बालसुरक्षा धोरण आहे आणि ते पाळलं जातंय, याची खात्री गव्हर्निंग बॉडीने करायची. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ही अट भाडेकरारातच हवी, मोडली तर करार रद्द. वर्गाच्या वेळेतली एखादी तक्रार शाळेकडे आली तर ‘ते मंडळाचं आहे’ म्हणून सोडता येत नाही, शाळेची नेहमीची पद्धत लागू होते.

विम्यासाठी मंडळाची स्वतःची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (इतरांना इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) मागा. प्रमाणपत्राची प्रत करारासोबत लावा आणि ती संपायची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकायला सांगा.