आलिक्स: सीझरच्या पंखाखाली वाढलेला गॉल नायक मुलांच्या हाती द्यावा का?

चित्रवेल

आम्ही ब्रुसेल्सला राहतो. इथे मारोल भागात रोज सकाळी जुना बाजार भरतो. मागच्या महिन्यात तिथे ‘आलिक्स’ या फ्रेंच चित्रकथेचे तीन जुने अल्बम मिळाले. कडा झिजलेल्या, आणि पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली बेल्जियन फ्रँकमधली किंमत तशीच. मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेत नुकतंच लॅटिन सुरू झालंय, म्हणून मोठ्या हौसेने तिला दिले. दोन दिवसांनी तिने विचारलं, "बाबा, हा गॉल आहे ना? मग सीझर याला इतका का आवडतो?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेल्या जाक मार्तांने ही मालिका सप्टेंबर १९४८ मध्ये बेल्जियमच्या ‘टिनटिन’ साप्ताहिकात सुरू केली. काळ इसवी सनपूर्व ५३ च्या पुढचा. आलिक्स हा गुलामीत सापडलेला गॉल पोरगा, म्हणजे रोमन सेनापती सीझरने जिंकलेल्या, आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागातला. एक रोमन अधिकारी त्याला दत्तक घेतो आणि पुढे तो सीझरच्या विश्वासातला होतो. सोबत एनाक नावाचा इजिप्शियन मुलगा. दोघं मिळून इजिप्त, ग्रीस, कार्थेज, पार चीनपर्यंत जातात.

चित्रं अप्रतिम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण सीझरच्या गॉल मोहिमेत दहा लाख माणसं मारली गेली आणि तेवढीच कैद झाली, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. आकडा फुगवलेला असेल असं धरलं तरी आलिक्सची माणसं कापणारा माणूस तोच. आणि हा मुलगा त्याच्यासाठी निरोप पोचवतो, त्याच्या शत्रूंचे कट उघडे पाडतो. जिंकणाऱ्याचे उपकार मानणारा जित, हे मुलांच्या मनात नकळत रुजतं असं मला मनापासून वाटतं. त्याच गॉलवरचं ‘ॲस्टेरिक्स’ १९५९ मध्ये आलं, त्यात सीझर कुणाच्या बाजूचा आहे याबद्दल कुठल्याही मुलाचा घोळ होत नाही.

जुनीपानं

शंभर टक्के सहमत. मी तर म्हणेन, मार्तांचा इतिहासही कच्चा आहे. पहिला अल्बम उघडतो खोर्साबादमध्ये, आणि रोमन फौजा तिथे येतात. खोर्साबाद ही असीरियाच्या (आजच्या इराकमधल्या प्राचीन राज्याच्या) दुसऱ्या सार्गोन राजाची राजधानी. तो इसवी सनपूर्व ७०५ मध्ये मेला आणि त्याच्या मुलाने राजधानी निनेवेला हलवली. म्हणजे कथेतल्या रोमन सेनापती क्रॅससच्या वेळी त्या गोष्टीला साडेसहाशे वर्षं झाली होती! असीरियन शिल्पांतले पंखवाले बैल काढायचा मोह आवरला नाही, दुसरं काय.

ओसरी

चित्रवेल, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही सुरुवातीचेच अल्बम वाचून थांबला आहात असं वाटतं. मी पुण्यात फ्रेंच शिकत होते तेव्हा वाचनालयात ही मालिका क्रमाने वाचली. पहिला अल्बम तेव्हाही मला कच्चाच वाटला. मार्तां सत्ताविशीचा होता, आठवड्याला पानं द्यायची होती. खोर्साबादची चूक चूकच आहे, तिचं समर्थन करायचं कारण नाही.

पण ‘काळा पंजा’ काढून बघा. पाँपेई शहरात एकेका माजी रोमन अधिकाऱ्यावर रात्री हल्ला होतो. मारेकऱ्यांच्या हाताला पंज्यासारखी नखं, त्यांना विष. माणूस मरत नाही, लुळा पडतो. मुलं श्वास रोखून वाचतात. मग हळूहळू कळतं की या सभ्य, संगमरवरी घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी आफ्रिकेतलं इकारा नावाचं गाव बेचिराख केलेलं आहे. सूड घेणारे तिथलेच. आलिक्स उतारा शोधायला आफ्रिकेत जातो आणि रोमने काय केलं ते त्याला आणि वाचकाला एकदमच दिसतं. साम्राज्याची भलामण करणारा माणूस असली गोष्ट, तीही १९५० च्या दशकात, मुलांच्या साप्ताहिकात लिहीत नाही. बेल्जियमकडे तेव्हा काँगोची वसाहत होती, हे विसरू नका.

जुनीपानं

पण ओसरी, त्यातही आलिक्स वाचवायला धावतो तो त्या अधिकाऱ्यांनाच ना? इकाराच्या बाजूने तो तलवार उचलत नाही. कळवळा वेगळा आणि बाजू घेणं वेगळं.

ओसरी

नाही उचलत, मान्य. तेच मला खरं वाटतं. रोमन घरात वाढलेला मुलगा एका रात्रीत बंडखोर होत नाही.

तिन्हीसांज

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बायका कुठे आहेत? सुरुवातीचे अल्बम सलग वाचले, लक्षात राहणारी बाई शोधावी लागते. याला एक कारण आहे: फ्रान्सने १६ जुलै १९४९ ला मुलांच्या प्रकाशनांवर देखरेख ठेवणारा कायदा केला, आणि फ्रान्समध्ये खप हवा म्हणून बेल्जियन प्रकाशकही जपून असत. स्त्रीपात्र म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा नकोच, असा मामला.

म्हणून ‘शेवटचा स्पार्टन’मधली राणी आद्रेया मला फार महत्त्वाची वाटते. रोमला ग्रीसमधून हाकलायचं स्वप्न बघणारी, लहान मुलाला त्याच स्वप्नावर वाढवणारी. गड पडतो, ती मरते, आणि पोर आलिक्सच्या हवाली होतं. मार्तां तिला वेडी ठरवत नाही, खलनायिका करत नाही. मी तो शेवट वाचला तेव्हा रोमन जिंकले याचा मला रागच आला होता, आणि तो राग चित्रकारानेच आणवला होता.

चित्रवेल

ओसरी, तिन्हीसांज, दोघींचे आभार. ‘काळा पंजा’ आमच्याकडच्या तीनात होता! काल रात्री मुलीबरोबर बसून वाचला.

माझं मत थोडं हललंय, पूर्ण बदललेलं नाही. इकाराची आठवण कथेत येते ती रोमन माणसाच्या अपराधाची गोष्ट म्हणून. इकाराच्या एखाद्या मुलाचं रोजचं आयुष्य मला त्यात दिसलं नाही. जुनीपानं म्हणतात ते तिथे पटतं.

शिलालेख

उशिरा येतोय. ‘व्हर्सिंजेटोरिक्स’ या १९८५ च्या अल्बमचा उल्लेख कुणीच केला नाही, आणि या वादात तोच सगळ्यात जवळचा आहे. खरा व्हर्सिंजेटोरिक्स, सीझरविरुद्ध उठलेल्या गॉलांचा सेनापती, इसवी सनपूर्व ५२ मध्ये अलेसिया या गडावर शरण आला, सहा वर्षं कैदेत राहिला आणि सीझरच्या विजययात्रेनंतर मारला गेला. मार्तां इथे इतिहास जाणूनबुजून मोडतो: त्याला कैदेतून बाहेर काढतो आणि गॉलपर्यंत पोचवायचं काम आलिक्सवर टाकतो. पस्तीसहून जास्त वर्षं सीझरची मर्जी राखलेल्या नायकाला त्याने शेवटी या वाटेवर आणलं. थंडी, थकलेला सेनापती आणि शेजारून चालणारा लाल अंगरख्यातला पोरगा, ज्याला आता कुठल्याच घरी जाता येत नाही. जुनीपानं, ही खोर्साबादसारखी अजाणता झालेली चूक नाही. जो प्रश्न चित्रवेलच्या मुलीने दोन दिवसांत विचारला, तो मार्तांलाही छळत होता असं मला वाटतं.

जुनीपानं

हा मी वाचलेला नाही. वाचतो आणि मग बोलतो. तोपर्यंत माझा आक्षेप कायम धरा.

चित्रवेल

शनिवारी परत बाजारात जाऊन शोधतो. मुलीला हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिच्या लॅटिनच्या पुस्तकात सीझरचं वाक्य आहे, गॉलमधल्या सगळ्यांत बेल्गे लोक (ज्यांच्यावरून बेल्जियम हे नाव आलं) सर्वांत शूर. वर्गात सगळ्यांना ते फार आवडतं म्हणे. ती म्हणाली, "ज्यांना मारलं त्यांनाच शूर म्हणतोय तो."