अनुभव धागा : घरात कोविड, कडेवर मूल

केंद्राच्या ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांनुसार सौम्य रुग्णाचं गृह विलगीकरण तेव्हा किमान ७ दिवसांचं झालं होतं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस उलटले आणि सलग ३ दिवस ताप नसला की सुटका व्हायची, पुन्हा चाचणीची गरज नव्हती. मोठ्या माणसापुरतं हे सरळ आहे. पण 'वेगळ्या खोलीत राहा' हे दोन वर्षांच्या पोराला कोण सांगणार, आणि आई आत गेली तर बाहेर त्याला बघणार कोण? त्या जानेवारीत पंधराच्या आतल्यांना लस नव्हती, पाळणाघर बंद होतं, कामाच्या मावशी येत नव्हत्या.

ज्यांनी हे निभावलंय किंवा ज्यांचा हा पेशाच आहे, त्यांनी लिहा. विनंती एवढीच, की 'आमच्याकडे काय काय झालं' यापेक्षा काय करायचं, किती, कसं आणि कुठे फसतं, ते लिहा. औषधाच्या बाबतीत आपापल्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

चिमणीची आई, कोथरूड

खोल्या नंतर वाटा, आधी जोड्या लावा. पाच वर्षांखालचं मूल एकटं राहूच शकत नाही, त्यामुळे प्रश्न 'मूल कुठे' हा नसून 'मूल कोणाबरोबर' हा आहे.

आई पॉझिटिव्ह, बाकी ठीक : आई आत, मूल बाबांकडे. अंगावर पिणारं असेल तर गणित बदलतं, त्यावर कुणीतरी लिहाच.

मूल पॉझिटिव्ह : एकच मोठं माणूस त्याच्यासोबत आत. दोन्ही डोस झालेलं, मधुमेह-दमा नसलेलं, गरोदर नसलेलं. दिवसा आई, रात्री बाबा अशी पाळी लावू नका. दोघंही संपर्कात येतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरात उभं राहायला कुणी उरत नाही. धाकटं भावंड दुसऱ्या पालकाकडे.

आईबाबा दोघं पॉझिटिव्ह, मूल हसतंखेळतं : इथे मोह होतो तो आजीआजोबांकडे पाठवायचा. करू नका. लक्षणं दिसायच्या आधी एकदोन दिवस मूल विषाणू पसरवत असू शकतं. त्याला आपल्याजवळच ठेवा, मोठ्यांनी एन-९५ लावा, खिडक्या उघड्या ठेवा. लस झालेली धडधाकट मावशी किंवा काका तयार असतील तर त्यांनाच इकडे बोलवा. एकच घर अडकू दे, दोन नकोत.

सगळेच पॉझिटिव्ह : आपसात लपाछपी थांबवा, एकत्र जेवा, एकत्र झोपा. घरात ज्येष्ठ असतील आणि ते निगेटिव्ह असतील तर फक्त त्यांना वेगळं काढा.

हिशेबनीस, नाशिक

तारखांचा घोळ सगळीकडे होतो, म्हणून त्या सात दिवसांच्या नियमाचं उदाहरण देतो. बाबांची चाचणी १० तारखेला पॉझिटिव्ह. सात दिवस १७ ला पूर्ण. पण शेवटचा ताप १६ ला आला असेल तर आणखी तीन दिवस धरा, म्हणजे १९. आणि 'ताप नाही' म्हणजे पॅरासिटामॉल न घेता नाही. औषधाच्या जोरावर काढलेला दिवस मोजायचा नाही.

मुलाला १५ ला ताप आला तर त्याचे दिवस त्याच्यापुरते वेगळे सुरू होतात, बाबांचे लांबत नाहीत. मात्र मूल निगेटिव्ह असून आजारी आईजवळच झोपत असेल, तर त्याचा 'शेवटचा संपर्क' रोज पुढे सरकतो. आई सुटेल त्या दिवसापासून त्याच्यावर पुढचा आठवडाभर लक्ष ठेवायचं. कालनिर्णयवर प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा : लक्षणं सुरू, चाचणी, शेवटचा ताप. डोक्यात ठेवायला जाऊ नका.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १० जानेवारी २०२२ च्या सूचनेनुसार लक्षणं नसलेल्या संपर्कातल्यांची चाचणी तेव्हा गरजेची नव्हती, वयस्कर किंवा सहव्याधी असलेले सोडून. म्हणजे नाक न गळणाऱ्या मुलाच्या नाकात काडी घालायचा हट्ट नको. लक्षणं असतील आणि रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तर मात्र ती ग्राह्य नाही, आरटी-पीसीआर करा. घरी किट वापरत असाल (पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली) तर १५ मिनिटांनी वाचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही.

वारा वाहू दे, ठाणे (एचव्हीएसी वाला, म्हणजे इमारतीतली हवा खेळवण्या-थंड करण्याच्या यंत्रणांचं काम करणारा)

लोक दरवाजाच्या मुठी पुसत बसतात आणि खोलीचा एसी चालू ठेवतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती फिरवतो. विलगीकरणाच्या खोलीत तो बंदच ठेवा.

करायचं काय, तर रुग्णाच्या खोलीतली हवा खिडकीतून बाहेर पडली पाहिजे, दाराखालून हॉलमध्ये नाही.

१. संडास-बाथरूम खोलीला जोडून असेल तर त्याचा एक्झॉस्ट पंखा सतत चालू आणि बाथरूमचं दार उघडं. मात्र एक्झॉस्ट थेट बाहेर सोडत असेल तरच. काही जुन्या इमारतींत तो डक्टमध्ये सोडतो आणि डक्टवर वरच्या मजल्यांची बाथरूमं उघडतात. तसं असेल तर पंखा बंद ठेवून पुढचा उपाय करा.

२. एक्झॉस्ट नसेल तर टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेर करून. खिडकीपासून हातभर आत ठेवला तरी चालतो. खिडकीचा उरलेला भाग उघडा असेल तर तिथून हवा परत आत येते, म्हणून पंख्याच्या कडेने पुठ्ठा लावा. मूल आत असेल तर पंख्याची जाळी बोट जाणार नाही अशी बारीक हवी आणि वायर भिंतीच्या कडेने चिकटवून न्यायची.

३. हॉलची आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी. तिथून हवा आत आली नाही तर पंखा नुसता फिरतो.

४. दाराखालच्या फटीला जुनी ओढणी किंवा टॉवेल.

आता तपासणी. अगरबत्ती पेटवून ती हॉलच्या बाजूने दाराच्या फटीजवळ धरा, टॉवेल काढून. धूर खोलीत ओढला गेला तर व्यवस्था बरोबर. हॉलकडे आला तर पंखा उलटा आहे किंवा समोरची खिडकी बंद आहे. वाऱ्याची दिशा बदलली की निकाल बदलतो, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी बघा. तपासून झालं की अगरबत्ती विझवा. धूप, कापूर, लोबान यांनी विषाणू मरत नाही, खोकणाऱ्या पोराची छाती मात्र भरते.

आणखी एक, बाथरूमची नहाणी ट्रॅप. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये त्यातलं पाणी सुकतं आणि ड्रेनेजची हवा वर येते. रोज एक तांब्या पाणी ओता.

दुधावरची साय (स्तनपान मार्गदर्शक, निवृत्त परिचारिका)

वर विचारलंय म्हणून. आई पॉझिटिव्ह असली तरी अंगावर पाजणं थांबवायचं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. थांबवलं की दोनतीन दिवसांत दूध कमी होतं, गाठी होतात, आईला वेगळा ताप येतो आणि मग तो कोविडचा की छातीतल्या गाठींचा हे कळेनासं होतं.

पद्धत : खिडकी उघडा. हात साबणाने ४० सेकंद धुवा, मग मास्क घाला, मग पुन्हा हात, मग बाळ घ्या. मास्कला हात लावून तोच हात बाळाला लावणं ही नेहमीची चूक. छाती दर वेळी धुवायची गरज नाही, त्यावर खोकला उडाला असेल तरच धुवा. पाजून झालं की बाळ निरोगी माणसाकडे, ढेकर त्यानेच काढावी. रात्री कुणी नसेल तर बाळाचा पाळणा सहा फुटांवर आणि आईचा मास्क चालूच.

आईला धाप लागत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. बाटलीपेक्षा वाटी उकळायला सोपी आणि बाळ अंगावर घ्यायला कुरकुर करत नाही. पंपाचे भाग १० मिनिटं उकळा. काढलेलं दूध साध्या तापमानाला जास्तीत जास्त चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये २४ तास.

बाळाला मास्क किंवा फेसशील्ड कधीच नाही. गुदमरतं. केंद्राच्या तेव्हाच्या सूचनेतही ५ वर्षं आणि त्याखालच्यांना मास्क नको असंच होतं, आणि ६ ते ११ मध्ये मुलाला नीट वापरता येत असेल तर, मोठ्यांच्या नजरेखाली. मूल घालणार नाही म्हणून मोठ्यांनी दुप्पट काटेकोर राहायचं. एन-९५ बिनव्हॉल्व्हचा, नाकाची पट्टी दाबलेली, दाढी असेल तर साफ. पाच मास्क पाच कागदी पाकिटांत ठेवा, पाकिटावर वार लिहा, आलटून पालटून वापरा. धुवायचे नाहीत. ओला झाला, ढिला पडला की बाद.

औषधवाला, कोल्हापूर

दुकानात रोज दिसणारी चूक सांगतो. पॅरासिटामॉलच्या बाटल्या तीन ताकदींच्या मिळतात : ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ, ५ मिलीत २५० मिग्रॅ, आणि थेंबांची बाटली १ मिलीत १०० मिग्रॅ. बालरोगतज्ज्ञ डोस वजनावर देतात, किलोला १० ते १५ मिग्रॅ. १० किलोचं मूल धरा, म्हणजे १०० ते १५० मिग्रॅ. ते पहिल्या बाटलीचे ४ ते ६ मिली, दुसरीचे २ ते ३ मिली, थेंबांचे १ ते दीड मिली. थेंबांचं औषध कुणी चमच्याने ५ मिली पाजलं तर ५०० मिग्रॅ पोटात. यकृताला हे झेपत नाही. बाटली बदलली की मिली पुन्हा विचारा. मोजायला बाटलीसोबतचं मापच, घरचा चमचा नाही. दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध घरी नाही, थेट डॉक्टर. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. मोठ्यांच्या चिठ्ठीतल्या गोळ्या अर्ध्या करून मुलाला देणारेही भेटतात. स्टेरॉइड, ॲझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन, सगळं त्यात आलं.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या ग्लासात कालवू नका, मीठ जास्त होतं. २४ तासांनी उरलेलं ओता. डब्यातली गोड 'एनर्जी' पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

आणि वाफारा : लहान मुलांना अजिबात नको. फायदा फारसा नाही, भाजण्याचा धोका खरा. उकळत्या पाण्याचं पातेलं आणि चादर ही जोडी घरात आणूच नका.

रात्रपाळी (बालरोग वॉर्ड)

ऑक्सिमीटरवर मुलांच्या बाबतीत डोळे झाकून विसंबू नका. मोठ्यांचा क्लिप छोट्या बोटावर नीट बसत नाही, बोट गार असलं, मूल हलत असलं की ८८ दाखवतो आणि घर घाबरतं. अंगठ्याला किंवा पायाच्या अंगठ्याला लावा, बोट चोळून गरम करा, मेंदी-नेलपॉलिश नको, आकडा ३०-४० सेकंद स्थिर राहू द्या. ९४ च्या खाली स्थिर आला तर फोन नाही, दवाखाना.

त्यापेक्षा श्वास मोजा. मूल झोपलेलं असताना पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट, दिवसातून दोनतीनदा. ३० सेकंद मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, त्यापुढे ३० किंवा जास्त असेल तर जलद. तापात थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळे, दूध न ओढणं, उठवूनही न जागणं, सहा-आठ तास लघवी नाही, यांपैकी एकही दिसलं तर मोजत बसू नका, निघा.

एकच मोरी, डोंबिवली

दोन खोल्या आणि एक संडास असणाऱ्यांसाठी. मुलाची आंघोळ आणि सगळ्यांचं उरकून झाल्यावर रुग्णाने शेवटी जायचं, मास्क लावून. बाहेर पडताना खिडकी उघडी, दार बंद. पुढचा माणूस अर्ध्या तासाने, तोही मास्क लावून. रुग्णाचा ब्रश, टॉवेल, पाण्याचा मग त्याच्याच खोलीत. वेगळी खोलीच नसेल तर रुग्ण खिडकीशी, मूल दाराशी, उशा विरुद्ध दिशांना. आणि ते जमत नसेल त्यांच्यासाठी तेव्हा महापालिकेचं कोविड केंद्र होतं, तिथे जाण्यात कमीपणा नव्हता.

रुग्णाच्या खोलीला बाहेरून कडी घालू नका, चक्कर आली किंवा आग लागली तर काय? कडी आतून, आणि ती रुग्णाच्या हातात. रांगत्या-पळत्या मुलासाठी दाराबाहेर आडवा पाट किंवा टेबल. ताट स्टुलावर, तीन टकटक, ठेवणारा लांब गेला की दार उघडायचं. व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळी, झोपायच्या आधी नको. आई पडद्यावर दिसते, हातात येत नाही, मग पोर तासभर रडतं.

फिनाइल, सोलापूर

ब्लीचचं प्रमाण : ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग, पाणी चार भाग, म्हणजे १ टक्का. संडास आणि कचऱ्यासाठी. खेळण्यांना साबणपाणीच बास. ॲसिड किंवा हार्पिकमध्ये ब्लीच मिसळू नका, क्लोरीन सुटतो. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलं पितात.

रेडिंगकर

इकडे इंग्लंडमध्ये १७ जानेवारी २०२२ पासून पाचव्या आणि सहाव्या दिवशी दोन्ही रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आल्या तर सहाव्या दिवशी सुटका होती, नाहीतर पूर्ण दहा. घरात कुणी पॉझिटिव्ह असलं तरी पाच वर्षांखालच्यांना रोजची टेस्ट नव्हती. तिकडच्या सात दिवसांशी याची सांगड घालू नका, भारतात येणाऱ्यांना भारताचाच नियम होता.

रात्रपाळी

एक राहिलं. मूल बरं झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा तीन दिवस ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी-उलट्या असं आलं तर 'साधा व्हायरल' म्हणून थांबू नका. एमआयएस-सी (कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना सूज येण्याचा आजार) असू शकतो. डॉक्टरांना घरात कोविड होऊन गेल्याची तारीख सांगा, मुलाची चाचणी झाली नसली तरीही. आणि गोवर वगैरेच्या नेहमीच्या लसी विलगीकरण संपलं की लगेच घ्या, 'आता सहा महिने नको' असं काही नसतं.